जोडनमुना

सुलभाबाईंना सुनेचा हेवा वाटायला लागला तो ती घरात आली त्या पहिल्याच रविवारी. सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या तर ओजस ओट्यापाशी उभा राहून कॉफी करत होता. एक कप त्यानं आईच्या पुढ्यात ठेवला आणि दुसरा घेऊन तो आतल्या खोलीत गेला, बायकोला उठवायला. आतून ईश्वरीचं हसू ऐकू आलं. मोठं, मोकळं, कुणाची पर्वा नसलेलं.

सुलभाबाईंनी कॉफी तशीच निवू दिली.

मिरजेतल्या एकतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या नवऱ्यानं त्यांना कधी पाण्याचा पेलाही भरून दिला नव्हता. श्रीकांतराव शिरोळकर पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. बाहेर त्यांच्या शब्दाला मान होता. घरात त्यांचा हात सुटायचा. कॉलनीत सगळ्यांना कळत होतं, पण विचारलं कुणीच नाही, आणि कुणी न विचारता सांगायचं तरी कुणाला? पुढे झटक्यानं ते गेले. ओजसनं आईला अमेरिकेत आपल्याकडे आणलं, आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या डेस मॉइन्स शहरात. तो तिथे शेतीयंत्रांच्या कंपनीत इंजिनीअर होता, तिथला नागरिक झाला होता. आईच्या कायम राहण्याची कागदपत्रंही त्यानं करून घेतली. मग त्याचं लग्न झालं. ईश्वरी लातूरची, आर्किटेक्ट. जेवताना ती नवऱ्याला खुशाल म्हणायची, "ओजस, ताक वाढ ना मला." आणि तो वाढायचा.

पण ते फार टिकलं नाही. आधी ईश्वरीचे फोन कमी झाले, मग मैत्रिणी. तिच्या कायम वास्तव्याचा अर्ज भरलाय असं ओजस वर्षभर सांगत राहिला. त्यानं तो भरलाच नव्हता. त्यामुळे तिला नोकरी करता येईना, गाडीचं लायसन्स काढता येईना, बँकेत खातं उघडता येईना. तिनं त्यावरून जाब विचारला त्या संध्याकाळी आतल्या खोलीतून पहिल्यांदा तो आवाज आला. सुलभाबाईंनी तो लगेच ओळखला. दुसऱ्या दिवशी ईश्वरीच्या गालावर पावडरीचा जाड थर होता. सुलभाबाईंनी पोह्यांवर खोबरं पेरलं, बशी तिच्यापुढे सरकवली आणि काही विचारलं नाही.

मार्चमधल्या एका दुपारी, ओजस कामावर असताना, ईश्वरी पाठीला सॅक लावून दाराशी आली.

"आई, मी चाललेय."

"कुठे?"

"बाहेर गाडी उभी आहे. तुम्ही येता का?"

"मी?" सुलभाबाईंना तो अपमानच वाटला. "मी कशाला येऊ? मला काय झालंय?"

ईश्वरीनं सॅकचा पट्टा ओढून घट्ट केला. मग गेली. ओजस परतला तेव्हा त्यानं आदळआपट केली नाही. वकिलाशी हळू आवाजात बराच वेळ बोलला आणि येऊन आईला म्हणाला, "तिचं थायरॉइडचं दुखणं आहे, आई. त्यानं डोकं ठिकाणावर राहत नाही. कुणी विचारायला आलं तर एवढंच सांग."

सुलभाबाईंनी मान डोलावली. मनात मात्र एकच विचार होता. तिसऱ्या वर्षातच निघाली. आम्ही एकतीस काढली.

*

विचारायला बाई आली. मनमाया राई तिचं नाव. तिचे आजीआजोबा भूतानमधून निर्वासित होऊन आधी नेपाळच्या छावणीत आणि तिथून इथे आले होते. नवऱ्याच्या किंवा घरच्यांच्या मारातून सुटून आलेल्या परदेशी बायकांना राज्याची मदत मिळवून द्यायचं काम ती करायची. तिची हिंदी जरा नेपाळी वळणाची होती, आणि सुलभाबाईंना ती "आमा" म्हणे, म्हणजे त्यांच्याकडे आई.

"आमा, ईश्वरीच्या अर्जासाठी तुमचे थोडे केस हवे आहेत," ती म्हणाली.

"केस?"

मग तिनं समजावून सांगितलं. माणूस घाबरला की शरीर आतल्या आत धोक्याची घंटा वाजवतं. रक्तात काही द्रव्यं उतरतात आणि वाढत्या केसाच्या मुळातून केसात शिरतात. केस दिवसाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वाढतो. म्हणजे त्या दिवसाची भीती त्या दिवसाच्या केसात. हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. अडचण अशी होती, की ती द्रव्यं साबणपाण्यानं धुऊन जायची, आणि जी काही उरायची ती मोजायला केस कुटावा लागायचा. त्यातून महिन्याभराची गोळाबेरीज तेवढी कळायची. मग काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं, की ती द्रव्यं केसाच्या गाभ्यातल्या प्रथिनावर एक सूक्ष्म डाग ठेवून जातात. तो डाग शाम्पूनं जात नाही, कलपानं जात नाही. केसावरून बारीक लेसर फिरवला की एकेक दिवस वाचता येतो. पडद्यावर पांढरी पट्टी दिसते आणि तिच्यावर काळ्या उभ्या रेषा. भीती मोठी तर रेषा जाड. लोक त्यांना भयरेषा म्हणायला लागले होते.

"पूर्वी एका बाईला महिनेच्या महिने लागायचे शाबीत करायला," मनमाया म्हणाली. "मारणारा पोलिसासमोर थोडाच मारतो? आता राज्यानं हे वाचन पुरावा म्हणून मानलंय. तीन गोष्टी दाखवायच्या. घरात छळ झाला. त्या छळामुळेच मदतीची गरज पडली. आणि बाई आता त्या माणसाबरोबर राहत नाही. बाकीच्या दोन सोप्या आहेत. पहिलीसाठी केस."

"तिचे केस आहेत की."

"आहेत. त्यात रेषा आहेत, चांगल्या जाड. पण रेषा एवढंच सांगते की शरीर घाबरलं. कशानं, ते सांगत नाही. तुमच्या मुलाचा वकील म्हणतो, तिच्या आजारानं. म्हणून जोडनमुना लागतो. त्याच घरात, त्याच काळात राहिलेल्या दुसऱ्या माणसाचे केस. दोघींच्या रेषा त्याच दिवशी उमटल्या असतील तर तो आजार नव्हे. घरातच काहीतरी घडलं."

सुलभाबाई बोटानं टेबलावरचा कण टिपत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि अर्ज मंजूर झाला तर काय मिळणार तिला?"

"राहायला छोटी जागा, एका वर्षासाठी. किराणा. डॉक्टर. इथली आर्किटेक्टची परीक्षा द्यायची तर तिचे वर्ग. आणि बोलायला एक बाई, आठवड्यातून एकदा."

"बोलायला बाई?"

"हो. काय काय झालं ते ऐकून घ्यायला."

जागा, किराणा, वर्ग, हे सगळं सुलभाबाईंनी गिळलं असतं. पण ऐकून घ्यायला सरकार पगार देऊन माणूस बसवतं, हे त्यांना सोसेना.

"माझा मुलगा तसा नाही," त्या उठत म्हणाल्या. "तिला थायरॉइड आहे."

मनमायानं वाद घातला नाही. फोन नंबराचं कार्ड टेबलावर ठेवून ती गेली.

*

त्यानंतर एका शनिवारी भारतीय दुकानात सुलभाबाईंना ईश्वरी दिसली. ओजस गाडीत बसून होता. त्या एकट्याच आत आल्या होत्या. ईश्वरी भाज्यांपाशी उभी होती. अंगात कुणाचा तरी दिलेला, बाह्या लांब होणारा कोट. हातात कारली. एक उचलायची, उलटसुलट करायची, ठेवायची, दुसरं घ्यायची. ओजसला कारल्याचा वासही खपत नसे. सुलभाबाई डाळींच्या मांडणीआडून बघत राहिल्या. कुठलीच घाई नव्हती तिला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, उशीर का झाला म्हणणारं कुणी नव्हतं. चार कारल्यांसाठी एवढा वेळ! मिरजेच्या मंडईत त्या नेहमी घड्याळाकडे बघत भाजी घ्यायच्या.

ईश्वरीनं मान वर केली आणि तिला त्या दिसल्या. ती आधी दचकली, दरवाजाकडे तिची नजर गेली.

"तो बाहेर आहे. गाडीत," सुलभाबाई म्हणाल्या.

ईश्वरीनं आवाज खाली आणला. "आई, केस द्या. मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. नमुना नसेल तर अर्ज साध्या रांगेत जातो. त्याला वर्ष लागेल. आश्रयगृहात मला तोवर राहता येणार नाही. मग मी जाऊ कुठे? परत त्याच्याकडे?"

"तुझं किती आलं?" सुलभाबाईंनी विचारलं.

"काय किती आलं?"

"त्या रेषा. किती जाड आल्या?"

ईश्वरीला प्रश्नच कळला नाही. ती कारल्यांची पिशवी तिथेच ठेवून मागच्या दारानं निघून गेली.

त्या प्रश्नानं मात्र सुलभाबाईंचा पिच्छा सोडला नाही. भाकरी थापताना, कपडे वाळत टाकताना, ओजसच्या समोर बसून जेवताना तो परत परत येई. तिचं मोजलं. माझं कुणी मोजलं? त्यांचे केस अजून कमरेपर्यंत होते, पांढरे पण दाट. सोमवारी ओजस कामावर गेल्याबरोबर त्यांनी मनमायाला फोन लावला.

सुनेची दया आली म्हणून त्यांनी तो फोन केला नाही. त्यांना आपलं वजन करून घ्यायचं होतं.

*

मनमायाच्या कचेरीतल्या तंत्रज्ञ बाईनं मानेजवळची बारीक बट उचलली आणि कात्री लावली. "एवढाच तुकडा पुरे," मनमाया म्हणाली. "ईश्वरी त्या घरात होती तेवढ्या काळाचा."

"नाही. सबंध वाचा," सुलभाबाई म्हणाल्या. "टोकापर्यंत."

"आमा, अर्जाला त्याचा उपयोग नाही."

"मला आहे."

मनमायानं त्यांच्याकडे बघितलं आणि तंत्रज्ञ बाईला खुणेनं हो म्हटलं.

आठवड्यानं त्यांना पुन्हा बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचा केस आडवा पसरला होता, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मनमाया डावीकडच्या टोकापाशी उभी राहिली. "हे सर्वांत जुनं. तुमच्या गावचं."

तिथे पट्टी पांढरी अशी जवळपास नव्हतीच. रेषेला लागून रेषा, काही बोटभर जाड, मध्ये श्वास घेण्यापुरती जागा. सुलभाबाई खुर्चीवरून उठून जवळ गेल्या. ही दिवाळी असेल, पाहुण्यांसमोर आमटी खारट झाली तेव्हाची. ही बहुतेक माहेरच्या लग्नाला जायचं नाही म्हणाले तेव्हाची. बाकीच्या त्यांना वेगळ्या करता येईनात. एकीत एक मिसळल्या होत्या. मग एका जागी रेषा संपल्या. नवरा गेला तो दिवस. त्याच्यापुढे लांबच लांब पांढरं.

"आमा," मनमाया हळूच म्हणाली, "मी ह्या कामात खूप वाचनं पाहिली. इतकं दाट मी फार कमी बघितलंय."

सुलभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. "तिच्यापेक्षा जास्त ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तिच्यापेक्षा जास्त."

सुलभाबाईंना खरोखर बरं वाटलं. इतकं, की पुढचं काय बोलणं चाललंय हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. मनमायानं पडद्यावर खाली दुसरी पट्टी आणली होती. ती ईश्वरीची. शेवटच्या दीड वर्षात तिच्यावर ठळक, सुट्या रेषा होत्या. वर सुलभाबाईंच्या पट्टीवर त्या त्या दिवशी काही नव्हतं. पांढरं. एकदोन ठिकाणी तर आजूबाजूपेक्षा अधिक स्वच्छ पांढरं.

"जुळत नाही," मनमाया म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "वकील म्हणेल, घरात काही घडलंच नाही, नाहीतर सासू घाबरली असती. पण एक मार्ग आहे. इतकी वर्षं भीती सोसलेल्या माणसाचं शरीर कधीकधी दमतं. घंटा वाजवायचंच बंद करतं. डॉक्टर तसं लिहून देतील. मग तुमचा नमुना बाद होईल. कुणाच्या बाजूनं नाही, कुणाच्या विरोधात नाही."

"मग तिचा अर्ज?"

"साध्या रांगेत जाईल."

सुलभाबाई पट्टीकडे बघत होत्या. पांढऱ्याच्या मधोमध एक एकटी रेषा होती, चांगली जाड. त्यांनी बोट ठेवलं. "ही कधीची?"

मनमायानं तारीख पाहिली. "मागच्या डिसेंबरातली."

मोठ्या दुकानात ओजस दिसेनासा झाला होता तो दिवस. भाषा येत नाही, फोन घरी राहिलेला, बाहेर बर्फ. तासभर त्या थरथरत एका खांबाला धरून उभ्या होत्या. म्हणजे शरीर दमलं नव्हतं. घंटा शाबूत होती. दुकानात हरवल्यावर वाजली होती. भिंतीपलीकडे पोरीला मार बसत होता तेव्हा वाजली नव्हती.

मनमाया डॉक्टरांना फोन लावायला निघाली होती. सुलभाबाईंनी तिला थांबवलं.

"तसं लिहू नको. ते खोटं आहे."

"आमा, ते शक्य तर आहे ना."

"माझ्याबाबतीत खोटं आहे. मी सांगते. केसांच्या वाचनाबरोबर माणसाचं बोलणंही जोडता येत असेल ना? लाव रेकॉर्डिंग."

मनमायानं रेकॉर्डिंग सुरू केलं. सुलभाबाई खुर्चीत ताठ बसल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. हिंदीत हे बोलणं त्यांना जमलं नसतं.

"माझ्या मुलानं तिला मारलं. पुष्कळदा. मी शेजारच्या खोलीत होते. मला सगळं ऐकू यायचं. भीती वाटली नाही मला, कारण मार तिला बसत होता, मला नाही. मारणारा एकदा दुसऱ्याच्या मागे लागला की आपण सुटतो, हे माझ्या अंगाला पक्कं माहीत आहे. आणि..." त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "आणि मला बरं वाटायचं. ती आली तेव्हा तिला कॉफी मिळायची, ताक मिळायचं. मला वाटायचं, हिच्यात असं काय आहे? पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मला वाटलं, आता कळेल हिला. आता दोघी सारख्या झालो. मला नीट झोप लागली त्या दिवशी. त्या पट्टीवर पांढरं दिसतं ते हे. काही घडलं नाही म्हणून पांढरं नाही. घडलं म्हणून पांढरं आहे."

मनमायाला मराठी सगळी कळली नसावी, पण पडद्यावर भाषांतर उमटत होतं आणि ती ते वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला.

"हे तुमच्या मुलापर्यंत जाईल, आमा. त्याच्या वकिलाला द्यावंच लागतं."

"जाऊ दे."

मग सुलभाबाईंनी डावीकडच्या त्या काळ्याकुट्ट टोकाकडे बोट दाखवलं. "आणि ह्याचं मला काय मिळेल?"

मनमायानं सरळ सांगितलं. "काही नाही. तो माणूस हयात नाही, आणि ते ह्या देशात घडलं नाही. तुमचा मुलगा इथला नागरिक आहे. त्यानं तुमच्यावर हात टाकला असता तर कायदा आईलाही हीच मदत देतो. त्यानं टाकला नाही."

"नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "मला तो फुलासारखा सांभाळतो."

*

ईश्वरीचा अर्ज मंजूर झाला. मनमायानं फोनवर एका वाक्यात कळवलं. ओजसला वकिलाकडून कळलं. तो दुपारीच घरी आला. सुलभाबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या.

"तू माझी आई आहेस की तिची?" त्यानं विचारलं.

"तुझी."

"मग हे काय बोलून आलीस? मी तुला इथे आणलं. तुझी औषधं, तुझी कागदपत्रं, तुला काही कमी पडू दिलं का मी?"

"नाही. मला कमी पडू दिलं नाहीस. तिला मारलंस."

तो एकदम जवळ आला. त्याचा उजवा हात वर गेला, आणि सुलभाबाईंना त्या हातात त्याच्या वडिलांचा हात दिसला, तीच मनगटाची ठेवण. पण त्याच क्षणी एक विचार आला आणि त्यांची त्यांनाच किळस आली. हा हात पडला तर मलाही जागा मिळेल. मलाही बोलायला बाई मिळेल. त्या मागे सरल्या नाहीत. हाताकडे बघत राहिल्या. कितीतरी वेळ वाट बघितल्यासारख्या.

ओजसला त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक. त्याचा हात खाली आला. तो खुर्चीत बसला आणि तोंड ओंजळीत धरून रडायला लागला. सुलभाबाईंचा हात सवयीनं त्याच्या डोक्याकडे गेला. तो त्यांनी मध्येच आवरला.

"माझं तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "मी मिरजेला जाते."

*

ओजसनं त्यांना टॅक्सी करून दिली. स्वतः आला नाही. विमानतळावर भाषेची अडचण नको म्हणून त्यानं नेहमीसारखी व्हीलचेअर मात्र सांगून ठेवली होती. सुलभाबाईंचे पाय धडधाकट होते, तरी त्या निमूट बसल्या. खुर्ची ढकलणारी बाई सामान देण्याच्या रांगेकडे वळली तेव्हा खांबाशी उभी असलेली ईश्वरी पुढे आली.

"मनमायाकडून कळलं, आज निघताय म्हणून."

"जागा कशी आहे?" सुलभाबाईंनी विचारलं.

"छोटी आहे. खिडकी पूर्वेला आहे."

"बरं."

"तुमचा जबाब मी वाचला. माझ्या अर्जाचाच भाग आहे तो." ईश्वरी खुर्चीसमोर उकिडवी बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका पातळीवर आले. "मी निघाले तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, येता का म्हणून. मला वाटायचं, आपण दोघी त्या घरात सारख्याच घाबरून राहतोय."

"नव्हतो."

"खरंच बरं वाटायचं तुम्हाला?"

खोटं बोलायची ही शेवटची सोय होती. "हो," सुलभाबाई म्हणाल्या. "पुढेपुढे लाजही वाटायची. पण बरं वाटायचं."

ईश्वरीनं मान हलवली. मग म्हणाली, "त्यानं मारलं की मी जागी असायचे. तो झोपून जायचा. आणि भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकू यायचं. संथ, एका लयीत. मी ते ऐकत पडायचे. मला तुमच्या झोपेचा इतका हेवा वाटायचा, आई. वाटायचं, ह्याच घरात राहून ह्यांना असं झोपता येतं, तर मला का येत नाही?"

आयुष्यभर सुलभाबाई दुसऱ्यांच्या संसारांकडे, दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे, दुसऱ्यांच्या मुलीसुनांकडे बघत आल्या होत्या. त्यांच्याजवळ हेवा करण्यासारखं काही असू शकतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि होतं ते हे.

"ती झोप तुझ्या जिवावर मिळाली होती मला," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे." ईश्वरी उभी राहिली. "मी माफ केलं म्हणायला आलेले नाही."

"म्हणूही नको."

खुर्ची ढकलणाऱ्या बाईनं घड्याळ दाखवलं. ईश्वरीनं सॅक खांद्यावर चढवली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"पोचलात की कळवा."

"कुणाला?"

"मला," ती म्हणाली, जराशी चिडूनच, आणि गर्दीतून वाट काढत निघाली. तिला वर्गाला उशीर होत होता. सुलभाबाईंना वाटलं, दारापाशी तरी वळून बघेल. तिनं बघितलं नाही. काचेचं दार तिच्यामागे मिटलं तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून "कळवते" एवढं निघालं, आणि ते मागच्या बाईलाच ऐकू गेलं. तिला मराठी येत नव्हती, पण तिनं हो म्हटलं आणि खुर्ची पुढे ढकलली.